यादीतला सतरा नंबर

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास बाळूच्या बायकोनं जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं, त्यावर काळं कापड अंथरलं आणि आतल्या कपाटातले डोळे एकेक करून मांडायला घेतले. एकूण एकतीस. सहा-सहाच्या पाच ओळी झाल्या आणि एक उरला. तो कुठं ठेवावा हे न कळून तिनं तो क्षणभर हातात धरला आणि मग साखरेच्या भांड्याशेजारी ठेवून दिला.

"तिथं नको गं बाई," आई म्हणाली. "चहा घशाखाली उतरायचा नाही."

"मग कुठं ठेवू? डोक्यावर?"

एरवी सासूला असं उलट बोलायची तिची टाप नव्हती. पण गेल्या महिन्याभरात या घरात कुणाची टाप कुठवर हे सगळंच उलटंपालटं झालं होतं. ब्याऐंशी वर्षांच्या आईनंही ते निमूट ऐकून घेतलं आणि साखरेचं भांडं स्वतःच्या हातानं पलीकडं सरकवलं. तेवढ्या धक्क्यानंही कापडावरचे सगळे डोळे एकदम थरथरले, इकडंतिकडं बघितल्यासारखं झालं, आणि पुन्हा छताकडं बघत स्वस्थ झाले.

लोकांना वाटतं कृत्रिम डोळा म्हणजे गोटी. गोटी कुठली! पातळशी वाटी असते, शिंपल्याच्या अर्ध्या तुकड्यासारखी, आतून पोकळ. पांढऱ्यावर लाल रेशमाचे केसाएवढे धागे बसवून शिरा करतात आणि मधलं बुबुळ बारीक कुंचल्यानं थरावर थर देऊन रंगवतात. हे रंगवायचं काम अडतीस वर्षं बाळूची थोरली बहीण आक्का करत होती. बाबा होते तोवर मापं आणि साचे बाबा घ्यायचे, ते गेल्यापासून अकरा वर्षं बाळू घेत होता. समोरचे एकतीसच्या एकतीस डोळे तिच्या हातचे. पण ते नेहमी बंद खणात असायचे, प्रत्येक आपापल्या कप्प्यात, आणि ती एका वेळी एकच बाहेर काढायची. भर उजेडात सगळे एकत्र तिनं कधी पाहिलेच नव्हते. ती खिडकीपाशीच उभी राहिली, टेबलाजवळ येईना. स्वतःच्याच कामाची माणसाला अशी भीती वाटावी हे तिला पटत नव्हतं, पण वाटत होती खरी.

"आक्का, बस ना तू," बाळू म्हणाला. चोपन्न वर्षांचा होता, टक्कल पडलं होतं, पण घरात तो बाळूच. "तू बसल्याशिवाय सुरू कसं करणार?"

"मी काही सुरू करणार म्हणाले नाहीये."

"उद्या सकाळी अकराला अर्ज द्यायचाय गं."

"माहीत आहे मला."

अर्ज नादारीचा होता. नादारी हा वकीलबाईंचा शब्द. आईनं तो ऐकून घेतला होता आणि विचारलं होतं, "म्हणजे दिवाळंच ना?" वकीलबाई म्हणाल्या होत्या, हो. बाळूनं पाच वर्षांपूर्वी बुबुळांचे फोटो काढून छापणारं यंत्र आणलं, स्वतःच्या सहीवर कर्ज काढून. यंत्र उत्तम चाललं. बुबुळं हुबेहूब छापली गेली आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायला लागला, कारण त्या डोळ्यांत सगळं होतं, फक्त माणूस नव्हता. गिऱ्हाइकं ते डोळे परत आणून द्यायची. कर्ज मात्र कुणी परत नेत नव्हतं. एक फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं, आणि शेवटी बाळूनं ठेवींना हात घातला.

ठेव ही बाबांची पद्धत. पहिला डोळा करताना माणसानं एकदाच मोठी रक्कम ठेवायची, मग जन्मभर दर पाच-सहा वर्षांनी नवा डोळा फुकट. शिवाय प्रत्येकाचा तसाच एक जादा डोळा कपाटात तयार ठेवायचा, न जाणो पडला, हरवला, तर त्या माणसाला एक दिवसही पट्टी बांधून हिंडायची वेळ येऊ नये. आणि नाव कुठंही लिहायचं नाही. वहीत नंबर, माप, रंग आणि ठेव. पावतीवर नंबर. डोळ्याच्या पाठीमागं कोरलेला नंबर. मागच्या जिन्यानं यायचं, मागच्या जिन्यानं जायचं. कुणी विचारलंच की हा डोळा कुणाचा, तर बाबांचं उत्तर ठरलेलं असे: "नंबराचा." नावं बाबांच्या डोक्यात होती आणि बाबांच्या डोक्यातून ती एकट्या आक्काच्या डोक्यात गेली. तारखा तीच द्यायची, फोन तीच करायची. बाळू साचा घेताना तोंड बघायचा, पण नाव-पत्ता त्यानं कधी विचारला नाही, तिनं कधी सांगितला नाही. याचा त्या घराला केवढा अभिमान होता!

आता वकीलबाई म्हणत होत्या की या एकतीस जणांच्या ठेवी म्हणजे देणं. ज्यांचं देणं लागतो त्या प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता अर्जाला जोडायचा, शपथेवर. मुद्दाम एक जरी गाळला तरी शपथ खोटी, अर्ज फेटाळला आणि बाळू कर्जासकट जिथल्या तिथं. मग हे घर जायचं, वरची आईची खोली जायची.

"आणि ती यादी कोण बघतं?" आक्कानं त्या दिवशी विचारलं होतं.

"कोर्टाच्या फलकावर तीस दिवस लागते. नंतरही फायलीत असते, फी भरून कुणालाही बघता येते. शिवाय यादीतल्या प्रत्येकाच्या घरी पत्र जातं. अमुक अमुक, कृत्रिम डोळे बनवणारे, हे तुमचं देणं लागतात, म्हणून."

"पाकिटावर?"

"पाकिटावर नाव-धंदा असतोच."

तेव्हापासून आक्काच्या तोंडाला कुलूप होतं. बाळूच्या बायकोनं म्हणूनच आज हे काळं कापड काढलं. डोळे समोर मांडले की आक्काला बोलावंच लागेल, असा तिचा हिशोब.

खालच्या फाटकाचा आवाज झाला. धाकटी बहीण आणि तिचा नवरा आले. नवरा एका शाळेचा मुख्याध्यापक. सगळं घर त्यांना हेडमास्तरच म्हणायचं, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं. येत्या वर्षअखेर ते निवृत्त होणार होते. दारातून आत आले ते टेबलाकडं बघून जागीच थबकले.

"हे काय मांडून ठेवलंय?" ते म्हणाले.

"एकतीस गिऱ्हाइकं," बाळूची बायको म्हणाली. "बसा."

हेडमास्तरांची नजर ओळींवरून फिरली, तिसऱ्या ओळीपाशी अडखळली आणि वर आली. आक्का त्यांच्याचकडं बघत होती. तिसऱ्या ओळीतला पाचवा, म्हणजे सतरा नंबर, त्यांचा होता.

ही गोष्ट धाकटीला ठाऊक नव्हती. सव्वीस वर्षं संसार झाला तरी नव्हती. लहानपणी चेंडू लागून त्यांचा डावा डोळा गेला, तरुणपणी ते बाबांकडं डोळा करायला आले, बाबांना मुलगा आवडला आणि बाबांनी आपली धाकटी मुलगी त्यांना दिली. देताना नंबराचं गुपित मात्र फोडलं नाही. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द, मग समोर पोटची पोर का असेना! हेडमास्तरांनी बायकोला सांगितलं की या डोळ्याला चेंडू लागला होता, जरा कमी दिसतं. घरी ते डोळा कधी काढत नसत. दर सहा महिन्यांनी "आईंना भेटून येतो" म्हणून यायचे, आईशी पाच मिनिटं बोलायचे आणि मागच्या खोलीत डोळा साफ करून, चकाकी देऊन घ्यायचे. सासूला इतकं जपणारा जावई म्हणून चार घरांत त्यांचं कौतुक होतं.

"मी स्पष्ट बोलतो," हेडमास्तर खुर्चीत बसत म्हणाले. शाळेच्या मैदानावर बोलल्यासारखा आवाज लावला त्यांनी. "हा अर्ज करायचा नाही. या घराला नाव आहे. बाळूचं नाव तिथं फळ्यावर लागणार, जाणारा-येणारा वाचणार. उद्या माझ्या शाळेतला शिपाई मला विचारेल, साहेब, ते तुमचे मेहुणे का?"

"विचारलं तर विचारलं," धाकटी म्हणाली. "हो म्हणून सांगा."

"तुला कळत नाही."

"मला तर लोक आत्ताच विचारायचे थांबलेत," बाळू म्हणाला. तो कपात बघत होता. "परवा कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. रोजचा माणूस. माझ्या आरपार बघितलं त्यानं आणि माझ्या मागच्याला काय हवं विचारलं. मी वळून बघितलं तर मागं कुणीच नव्हतं."

आईनं बशी त्याच्यापुढं सरकवली.

"आणि त्या अर्जात काय काय विचारतात, माहीत आहे?" बाळूनं कागदांचा गठ्ठा उचलला. "घरात चमचे किती. चादरी किती. बायकोच्या नावावर काय. मागच्या वर्षी कुणाला काही भेट दिली का, दिली असेल तर का दिली. माझ्या कोटाचे खिसे उलटे करून दाखवायचेत नुसते. पण मी ते सगळं भरलं, आक्का. लाज कोळून प्यालो आणि भरलं. आता एवढं एकच पान कोरं राहिलंय."

आक्कानं खिडकीबाहेर बघितलं, त्याच्याकडं बघवेना म्हणून. समोरच्या फुटपाथावर बावीस नंबर उभी होती.

मघाशीही ती बाई तिथंच होती. आक्काला वाटलं होतं कुणाची तरी वाट बघत असेल. आता तिच्यापासून दहा पावलांवर नऊ नंबर उभा होता, आणि दिव्याच्या खांबाशी तीस नंबर, तो परवापरवाचा तरुण मुलगा. तिघं एकमेकांना ओळखत नव्हते. तिघंही याच खिडकीकडं बघत होते. रविवारची दुपार, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि ही तीन माणसं हात खाली सोडून नुसती उभी. तिनं रंगवलेला प्रत्येकी एक डोळा तिच्याकडं बघत होता.

"यांना कुणी सांगितलं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

बाळूची बायको येऊन बघून गेली. "शुक्रवारी कर्जवाल्यांनी खाली दारावर नोटीस चिकटवली. मी फाडली, पण दीड तास होती. आणि तुम्हीच नाही का सगळ्यांना फोन केलेत, पुढची तारीख देता येत नाही म्हणून? माणसं काय दूधखुळी आहेत?" तिनं पडदा ओढला. "उभी राहू देत. आपण आपलं काम करू."

पडदा ओढल्यावर खोलीत पिवळसर अंधार झाला. टेबलावरचे डोळे मात्र होते तेवढेच दिसत होते, किंबहुना जास्तच.

"आक्का, नावं सांगा," बाळूची बायको म्हणाली. ती आता जवळजवळ हात जोडत होती. "तुमच्या शब्दापायी माझी मुलं रस्त्यावर यायची का?"

"त्या बाईनं," आक्का खिडकीकडं बोट करत म्हणाली, "तिच्या ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. त्या पोराचं अजून लग्न व्हायचंय. तुझ्या मुलांसाठी मी यांना चौकात उभं करू?"

"म्हणजे आम्ही उभं राहायचं."

"तसं नाही म्हणत गं मी."

"तसंच म्हणताय!"

"आता माझं ऐका," हेडमास्तर म्हणाले. घसा खाकरला. "माझे निवृत्तीचे पैसे येणार आहेत. त्यातले लागतील तेवढे मी बाळूला देतो. कर्जवाल्यांशी बोलून मिटवून टाकू, घरातल्या घरात. अर्ज नको, यादी नको, काही नको."

टेबलाभोवती सगळेच चकित. सव्वीस वर्षांत हा माणूस सासरी एक छत्री विसरला होता, तीसुद्धा दुसऱ्या दिवशी न्यायला आला होता. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळू तर उठून त्यांच्या पाया पडायला निघाला, रडतच. "हेडमास्तर, तुम्ही... तुमचे उपकार मी..."

"अहो, सगळे?" धाकटी हळूच म्हणाली. "आपल्याला पुढं काय?"

"बघू आपलं आपण."

"किती कर्ज आहे रे दादा?"

बाळूनं आकडा सांगितला. हेडमास्तरांचे सगळे पैसे घातले तरी चौथा हिस्सासुद्धा फिटत नव्हता. धाकटीनं मनातल्या मनात वजाबाकी केली, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी ती म्हणाली, "तुम्हाला द्यावंसं वाटत असेल तर द्या. माझ्या माहेरासाठी तुम्ही एवढं करताय, मी कशाला आडवी येऊ?" आणि तिनं नवऱ्याच्या हातावर हात ठेवला.

आक्कानं त्या हाताकडं बघितलं. हेडमास्तर कशासाठी देतायत हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे बाळूलाही दिसत होतं. सतरा नंबरचा शेवटचा साचा बाळूनंच घेतला होता. डोळे पुसता पुसता त्यानं एकदा, फक्त एकदा, तिसऱ्या ओळीकडं बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. याला ठाऊक होतं, आणि हा त्या माणसाच्या भीतीवर हात शेकून घेत होता. उद्या ते पैसे कर्जवाले गिळणार आणि परवा पुन्हा दारात येणार. मग धाकटीची म्हातारपणाची भाकरीही गेलेली असणार. आपण गप्प बसलो तर ती तशी जाणार. आणि बोललो तर तिचा संसार.

हेडमास्तर आक्काकडं बघत होते. डोळ्यांनी विनवत होते म्हणावं, तर त्यांतला एकच विनवत होता. दुसरा नुसता शांत होता, तिनं रंगवला तसा.

धाकटीचं आता या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. समोर पसारा असला की तिचा हात स्वस्थ बसत नसे. तिनं डोळे रंगांप्रमाणे लावायला घेतले, काळे इकडं, घारे तिकडं. लहानपणी तिला कारखान्याच्या खोलीत पाऊल टाकायला बंदी होती. बाबा म्हणायचे, ही दुसऱ्या घरी जायची, हिला यातलं काही कळायला नको. इतक्या जवळून ती हे पहिल्यांदाच बघत होती.

"हात लावू नकोस त्यांना," हेडमास्तर एकदम म्हणाले.

"का? चावतात?"

"लोकांच्या वस्तू आहेत."

"मी काय खिशात घालतेय? किती सुंदर करतेस गं आक्का, मला कधी दाखवलंही नाहीस." तिनं एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. तिसरा उचलला आणि पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात धरला. "अय्या! याच्यात तीळ आहे."

बाळूनं समोरची वही मिटली.

"बुबुळात, खालच्या अंगाला. तपकिरी, एवढासा. अहो, अगदी तुमच्यासारखा! बघा की." आणि कापड दुकानात बायका रंग जुळतो का बघायला कापड चेहऱ्याशेजारी धरतात, तसा तिनं तो डोळा हसत हसत नवऱ्याच्या गालाशी धरला.

हेडमास्तर हलले नाहीत. आता तिच्यासमोर तीन डोळे होते. त्यांतले दोन सारखे होते आणि एक वेगळा होता.

हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं, कारण त्याला जायला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं तिन्ही डोळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. एकदा, दोनदा. मग हात खाली घेतला. नवऱ्याला तिनं काही विचारलं नाही. ती आक्काकडं वळली.

"आक्का, हा कुणाचा?"

नंबराचा, हे उत्तर आक्काच्या जिभेवर तयार होतं. अडतीस वर्षं तयार होतं. हेडमास्तरांनी नको म्हणून मान किंचित हलवली. बाळू खुर्चीत आक्रसला. आई घाईघाईनं म्हणाली, "अगं, चहा निवतोय सगळ्यांचा."

"तुझ्या नवऱ्याचा," आक्का म्हणाली. "सतरा नंबर. पहिला तुझ्या लग्नाच्या आधी तीन आठवडे केला. हा पाचवा."

"आक्का!" हेडमास्तर ओरडले.

"कुणाकुणाला माहीत होतं?" धाकटीचा आवाज अगदी साधा होता, पाहुणे किती आहेत विचारावं तसा.

"बाबांना. मला. आईला. बाबा गेल्यापासून बाळूला."

"मला नव्हतं हो," बाळूची बायको पुटपुटली. "देवाशपथ." तिनं नवऱ्याकडं असं बघितलं की तो टक्कल खाजवायला लागला.

"तुझे बाबा म्हणाले होते, माणूस चांगला आहे," आई म्हणाली. "चांगलाच निघाला ना? मग?"

"मी सांगणारच होतो," हेडमास्तर म्हणाले. "चेंडू लागल्याचं मी खोटं नव्हतं सांगितलं."

"कमी दिसतं म्हणालात."

"हो."

"किती कमी?"

धाकटीनं तो डोळा तळहातावर उलटा केला, मागं कोरलेला नंबर वाचला, पुन्हा सुलटा केला. उलटासुलटा होताना तळहातावरचा डोळा लुकलुकल्यासारखा दिसत होता.

"लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तुला पत्र लिहिलं होतं, आक्का. यांच्या डोळ्यात तीळ आहे म्हणून. दोन पानं त्या तिळाबद्दल लिहिलं होतं. वेडीच होते मी."

"आठवतंय."

"तू त्यावर काहीच लिहिलं नाहीस."

"नाही."

"तो दुसऱ्या डोळ्यात का नाही, असं मला कधी वाटलं नाही बघ. तीळ काय दोन्हीकडं थोडाच असतो."

आक्काला वाटलं इथं थांबावं. पण आता थांबण्यात काही अर्थ नव्हता, आणि अर्धवट सांगण्यानंच सगळं इथवर आलं होतं. "तो तीळ नाही," ती म्हणाली. "माझ्या कुंचल्यातून रंगाचा थेंब पडला. पुन्हा करायला वेळ नव्हता, लग्न तोंडावर आलं होतं. बाबा म्हणाले, राहू दे, कोण बघतंय. मग तुझं पत्र आलं. नंतरच्या डोळ्यांत तो नसता तर तुझ्या लक्षात आलं असतं. म्हणून दर वेळी मुद्दाम काढत आले. पांढरं थोडं थोडं पिवळं करत गेले, यांचं वय दिसावं म्हणून."

"म्हणजे सव्वीस वर्षं मी तुझ्याच कामाकडं बघून बोलत होते," धाकटी म्हणाली. "भांडले तरी तिकडंच बघून भांडले."

आक्का रडायला लागली. इतक्या वर्षांत तिला घरात कुणी रडताना पाहिलं नव्हतं, बाबा गेले तेव्हासुद्धा. बाळूची बायको तिच्या जवळ जायला निघाली आणि मधेच थांबली, कुणाच्या बाजूनं उभं राहावं हे न कळून.

धाकटीनं डोळा कापडावर ठेवला. बाळूसमोरचं कोरं पान ओढून घेतलं, पेन घेतलं, सतराव्या ओळीत नवऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढं स्वतःच्या घराचा पत्ता घातला.

"ठेव किती?"

बाळूनं वही उघडून सांगितली. तिनं लिहिली.

"हे बघ, असं तडकाफडकी काही..." हेडमास्तरांचा मैदानावरचा आवाज पार गेला होता. "पत्र घरी येईल. पोस्टमन..."

"येऊ दे. मीच सही करून घेईन. आणि निवृत्तीचा एक पैसासुद्धा इथं द्यायचा नाही. दादा, ऐकलंस?"

"ऐकलं," बाळू म्हणाला. त्याची मान खालीच होती.

"आक्का, आता सगळी नावं सांग."

आक्कानं पदरानं तोंड पुसलं. पडद्याच्या फटीतून तिला तो मुलगा दिसत होता, खांबाशी, अजून तसाच. "सांगते. पण पत्रं पडायच्या आत मी एकेकाला स्वतः जाऊन सांगेन. माझ्या तोंडून कळलं पाहिजे त्यांना."

"हो, सांग," धाकटी म्हणाली. "निदान त्यांना तरी आधी सांग."

मग ती उठली. नेहमीप्रमाणे ती नवऱ्याच्या उजव्या हाताला बसली होती. तिनं आपली खुर्ची उचलली, त्यांच्या पाठीमागून नेली आणि डाव्या बाजूला, अगदी त्यांच्या खांद्याला खेटून ठेवली. कागद मांडीवर घेतला. हेडमास्तर मान वळवून तिला शोधायला लागले.

"इकडं बघू नका," ती म्हणाली. "दिसणार नाही तुम्हाला."

ते तरी मान वळवतच राहिले.

"हं, आक्का. एक नंबर."

आक्कानं नाव सांगितलं.